कुंदाताईंचा शिळा बर्फ

कुंदाताई गद्र्यांनी आमच्या नारळाच्या वड्या खाण्याआधी मोजल्या. किती आहेत ते नाही. किती पांढऱ्या आहेत ते.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झालेला. सासूबाईंनी वड्या केल्या आणि मला बजावलं, "वरच्या मजल्यावर गद्रेबाई एकट्याच असतात, त्यांना देऊन ये. काही विचित्र बोलल्या तर मनावर घेऊ नकोस." दार उघडलं ते पन्नाशीच्या, उंच, शिडशिडीत बाईंनी. केसांत एक पेन्सिल खोचलेली, दुसरी हातात. त्यांनी ताटली घेतली, मला दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि पर्समधून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं. त्याचं तोंड आधी आकाशाकडे केलं, मग वड्यांकडे. काटा बघितला आणि ओठांतल्या ओठांत भागाकार केला.

"बासष्ट," त्या म्हणाल्या. "छान आहे. तूप जरा जास्त पडलंय, म्हणून अडली. नाहीतर सत्तरीला गेली असती."

मी घाबरून खाली आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले. "बासष्ट म्हणाली? गेल्या दिवाळीत माझ्या चिरोट्यांना अठ्ठेचाळीसच दिलेले," असं म्हणाल्या आणि खूश होऊन पुन्हा कामाला लागल्या.

तर अशा कुंदाताई. मुंबईत हवामानाच्या एका सरकारी कचेरीत कामाला होत्या. यंत्र होतं फोटोग्राफरचं, उजेड मोजायचं. नौपाड्यातला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यांनी ते मिळवलेलं. वरून ऊन किती येतंय ते मोजायचं, वस्तूवरून किती परत येतंय ते मोजायचं, आणि शंभरातले किती परत आले ते सांगायचं. बस. पण हे त्या कशाकशाला लावत! माझ्या शाळेचा खडू पंच्याऐंशी. आमच्या यजमानांचा सदरा, सकाळी मोहन्याच्या कारखान्यात जाताना पंचाहत्तर, संध्याकाळी परत येताना एकतीस. "परत किती पाठवतो?" हा त्यांचा जगाला एकच प्रश्न होता. माणसांबद्दलही तसंच. त्यांच्या साहेबांचा विषय निघाला की म्हणत, "साहेब म्हणजे डांबरी रस्ता गं. सांगू ते सगळं गिळतात. परत काही येत नाही."

एकदाच मी त्यांना यंत्र पर्समध्ये टाकून कुलपासारखी चेन ओढताना पाहिलं. तळमजल्यावरच्या काकूंच्या मुलासाठी मुलगी बघायचं चाललेलं. काकू लाडात येऊन म्हणाल्या, "कुंदाताई, रविवारी मुलगी येतेय. जरा तुमच्या मशिनवर बघा ना, गोरी म्हणतात ती कितपत आहे." जिन्यात आम्ही चौघीपाचजणी होतो. कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "हे यंत्र माणसाच्या कातडीवर चालवायचं नसतं. पण तुमच्या मुलाला पाठवा वर. त्याला चार प्रश्न विचारते, परत किती येतं ते बघते." मुलगा काही वर गेला नाही.

एवढा हा पांढऱ्याचा सोस होता तो बर्फापायी. आणि बाईंनी जन्मात बर्फ बघितलेला नव्हता. जन्म दापोलीजवळच्या खेड्यातला, शिक्षण पुण्याचं, घर डोंबिवलीचं. बर्फ म्हणजे उसाच्या रसातला.

मी पाचवी-सहावीला भूगोल शिकवायचे, म्हणून त्यांनी मला शिष्या करून टाकलं. त्यांच्या घरात पलंगावर, ओट्यावर, देव्हाऱ्याशेजारीसुद्धा संगणकाच्या लांबलचक कागदांच्या चळती असायच्या. त्यातलीच एक सरकवून मला बसवायच्या.

"बघ वैजू, आमचं पावसाचं मॉडेल म्हणजे संगणकातली पृथ्वी. ती सगळी आम्ही चौकटींत कापलीय. एक चौकट म्हणजे इथून सोलापूरपर्यंत. तेवढ्या सगळ्या मुलखाला एकच तापमान, एकच वारा."

"म्हणजे ठाण्यात पाऊस आणि इथे कोरडं, असं नाही?"

"छे. तेवढं बारीक परवडत नाही. संगणकाला घाम फुटतो. आता ऊन आलं शंभर. डांबर नव्वद गिळेल. आपली गच्ची सत्तर गिळेल. आणि ताजा बर्फ? ऐंशी परत पाठवतो! आकाशात! म्हणून तो थंड राहतो, त्याच्यावरची हवा थंड राहते. हिमालयात आणि तिबेटात तो जितके दिवस टिकेल तितकी तिथली जमीन उशिरा तापणार. आणि ती तापली नाही तर पावसाचे वारे इकडे येतील कशाला? तुझ्या छत्रीचं भवितव्य त्या पांढऱ्यावर आहे, कळलं?"

मला कळलेलं. त्यांच्या साहेबांना कळत नव्हतं ते पुढचं.

"आमच्या मॉडेलमध्ये बर्फ म्हणजे ऐंशी. पडला तेव्हा ऐंशी, महिन्याने ऐंशी, वर धूळ बसली तरी ऐंशी. आणि वितळून संपला की एकदम वीस! असं असतं का? अगं, भात शिळा होतो, पोळी शिळी होते, आणि बर्फ शिळा होणार नाही? रोज थोडा थोडा मळतो, दाणे मोठे होतात, जास्त ऊन गिळायला लागतो. जास्त गिळलं की लवकर वितळतो. आमचा वितळतच नाही. जून उजाडला तरी तिबेट पांढराशुभ्र, आणि आमच्या कागदावरचा पाऊस केरळच्या खालीच ताटकळत उभा. मग साहेब काय करतात? दुसरीकडे कुठेतरी एक आकडा पिळतात आणि पाऊस ओढून आणतात. घड्याळ मागे पडतं म्हणून काटा बोटाने पुढे करायचा, तसं!"

त्यांना फक्त तीन ओळी घालायच्या होत्या. हजारो ओळींच्या त्या गणितात तीन ओळी. शेवटचा बर्फ पडून किती दिवस झाले ते मोजायचं आणि त्याप्रमाणे ऐंशीतून थोडं थोडं कमी करत जायचं. परदेशात काही ठिकाणी असं करायला लागलेत, असंही त्यांनी साहेबांना दाखवलेलं. एक दिवस साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "बाई, तुम्ही बर्फ कधी बघितलाय का?" आणि सगळे हसले.

त्या दिवशी कुंदाताई स्टेशनवरून थेट घरी आल्या नाहीत, मासळीबाजारात गेल्या. मी तिथेच बोंबील घेत होते. शुद्ध शाकाहारी गद्रेबाईंना तिथे बघून मी पिशवी लपवली. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या मोठागावच्या चंद्राबाईसमोर उकिडव्या बसलेल्या. चंद्राबाई माझी नेहमीची कोळीण, जिभेला धार लावलेली.

"बाय, तुना म्हावरा नको, न बरफ कशाला पायजे?"

"बघायचाय. हा कधीचा?"

"यो सकालचा. आता काय ऱ्हायलाय त्यान? सकाली ये, बारीक कुटलेला बघ. डोल्यांत घुसतं नुसता! दुपार झाली का त्याचा तोंड उतरतं, काचंसारका होतं."

"बारीक कुटलेला जास्त पांढरा?"

"मंग! लादी कुठं पांढरी हाय? लादीतशी पलीकडचा मानूस दिसतं. बारीक कुटला का पांढरा, पडून ऱ्हायला का दाना मोठा, न पांढरेपना गेला. गिऱ्हाइकाला समजतं लगेच, शिला बरफ म्हंजे शिला म्हावरा."

कुंदाताईंनी खवल्यांनी माखलेला तिचा हात दोन्ही हातांत धरला. "चंद्राबाई! शिला म्हणालात? पुन्हा म्हणा!"

"येडी का काय गो ही?" चंद्राबाईने मला विचारलं. पण हात सोडवला नाही.

पुढच्याच रविवारी, मे महिन्याच्या उन्हात, आमच्या गच्चीवर प्रयोग झाला. चंद्राबाईच्या ओळखीने बर्फाच्या दोन लाद्या आल्या. ती स्वतः लाकडी मोगरी घेऊन आली आणि "तुमच्या हातानं पीठ व्हईल, बरफ नाय," म्हणत कुटायला बसली. आंब्याच्या तीन रिकाम्या पेट्या घेतल्या, आत प्लास्टिक अंथरलं. एकीत बारीक बर्फ, दुसरीत जाडा, आणि तिसरीत बारीकच, पण वर कंदिलाच्या काचेतली चिमूटभर काजळी भुरभुरलेली. मी वही घेऊन बसले. दर पंधरा मिनिटांनी कुंदाताई वाकून यंत्र धरत आणि आकडा ओरडत.

"बारीक, अठ्ठ्याहत्तर! जाडा, एकसष्ट! काजळी, बावन्न!"

दहा वाजता गच्चीवर आम्ही तिघी होतो. साडेदहाला पंधरा माणसं झाली. सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर तणतणत वर आले. "हे पाणी खाली झिरपलं तर जबाबदार कोण? कुणाची परवानगी घेतलीत?"

"सावली!" कुंदाताई किंचाळल्या.

"काय?"

"तुमची सावली माझ्या बर्फावर पडतेय! मागे व्हा!"

जोगळेकर टुणकन मागे उडाले. उडाले ते तिथेच उभे राहिले. दोन मिनिटांनी विचारू लागले, "ही काळी लवकर जाणार म्हणता? चिमूटभराने काय फरक पडतो?" सव्वाअकराला काजळीवाल्या पेटीचा तळ दिसायला लागला तेव्हा गच्चीवर मॅचसारखा आरडाओरडा चाललेला. कुणी बारीकवर पैज लावलेली, कुणी जाड्यावर, पैज बटाटेवड्यांची. बारीक बर्फ अठ्ठ्याहत्तरचा पासष्टवर आला, मग चोपन्नवर, आणि चंद्राबाई म्हणाली तसं डोळ्यांदेखत त्याचं तोंड उतरत गेलं. आणि आमचे जोगळेकर हात पसरून कठड्यापाशी उभे, येणाऱ्या प्रत्येकावर ओरडतायत, "सावली! सावली सांभाळा!"

शेवटचा आकडा झाल्यावर कुंदाताई पेट्यांमधल्या पाण्यात अनवाणी उभ्या राहिल्या. घामाने चिंब, केस सुटलेले. "याने काही सिद्ध होत नाही हं वैजू," त्या म्हणाल्या. "डोंबिवलीचा कुटलेला बर्फ म्हणजे हिमालय नव्हे. पण विचारायला तोंड मिळालं."

वही कचेरीत गेली. साहेब "गोळेवाल्याचा प्रयोग" म्हणाले आणि डांबरासारखे गप्प बसले. पण संगणक रविवारी रिकामा असतो, तेव्हा तीन ओळी घालून एकदा चालवून बघायला त्यांनी परवानगी दिली. मिळतील तसे रविवार घेत, दर वेळी थोडं थोडं गणित पुढे सरकवत, त्या वर्षभर जात राहिल्या.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. पाच-साडेपाचचा सुमार, आभाळ निरभ्र. एकदम खालून हाका यायला लागल्या. बघते तर कुंदाताई फाटकातून पळत येतायत, खांद्यावरून कागदाची लांब शेपटी लोंबतेय.

"वैजू! आला! पाऊस आला!"

आमच्या बिल्डिंगीला दुसरं काही ऐकूच आलं नाही. हवामानखात्यातली बाई पळत येऊन पाऊस आला म्हणतेय! धडाधड दारं उघडली. सगळ्या बायका गच्चीकडे धावल्या. पापड, कुरडया, गव्हाचं वाळवण, गाद्या, जे हाताला लागेल ते आत. तळमजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्याचीच चादर ओढून नेली. जोगळेकर गच्चीचं गटार मोकळं करायला काठी घेऊन धावले. आणि जिन्यात सगळ्यांच्या मधोमध कुंदाताई, धापा टाकतायत.

"कुठे आलाय?" जोगळेकरांनी आभाळाकडे बघत विचारलं.

"कोकणात! तेराव्या चौकटीत! बर्फ मेच्या मध्यापर्यंत वितळला, तिबेट तापला, आणि कुठलाही आकडा न पिळता आपला आपण आला हो! हा बघा!" आणि त्यांनी कागद जोगळेकरांच्या नाकासमोर धरला.

"म्हणजे मॉडेलमध्ये," मी हळूच म्हणाले.

एक क्षण वाटलं, आता बायका हिला मारणार. पण सासूबाईंच्या हातात कुरडयांची परात होती, त्यांनीच आधी हसायला सुरुवात केली. मग सगळा जिना हसत सुटला. सासूबाईंनी त्या कुरडया तळल्या, आणि कुंदाताईंनी प्रत्येकाला कागदावरचा पाऊस बोट लावून दाखवला.

एवढं झाल्यावर साहेबांना काहीतरी करणं भाग पडलं. ते म्हणाले, आकडे पुस्तकातले आहेत, आपल्या डोंगरात मोजून आणलेले हवेत. हिमाचलात तुकडी जाणार होती, सहा पुरुषांची. तिथे बायकांची सोय नाही, म्हणून कुंदाताईंनी मुंबईत बसून आकडे घ्यावेत, असं ठरलं. कुंदाताईंनी तीन अर्ज केले. तिसऱ्यात एकच वाक्य होतं, "माझी सोय मी करीन." शेवटी हो आलं तेव्हा त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

मग बिल्डिंगला नवा उद्योग. कुणी स्वेटर विणला, कुणी कानटोपी. लोकरीचे जाड मोजे हातात घालून यंत्राची चकती फिरवता येते का हे बघायला कुंदाताई चंद्राबाईच्या ओळखीने शीळफाट्याच्या वाटेवरच्या एका बर्फाच्या कारखान्यात रोज तासभर बसायला लागल्या. तिथले कामगार उघड्या अंगाने लाद्या ओढत, आणि कोपऱ्यात पोत्यावर कानटोपीतल्या बाई आकडे लिहीत. "सरदी झाली तं मना बोल लावू नको," चंद्राबाईने त्यांना सांगून ठेवलेलं. झालीच. पण मोजे घालून लिहायला आलं.

त्या गेल्या आणि वरच्या मजल्यावर एकदम शांत झालं. तेराव्या दिवशी मला कार्ड आलं. मागे एवढंच: "पोचले. ताजा. शहाऐंशी. कुंडीला पाणी घाल."

महिन्याने परत आल्या त्या ओळखू येईनात. सगळा चेहरा रापून सोललेला आणि चष्म्यापुरती दोन वर्तुळं उजळ. जिन्यात जोगळेकर म्हणाले, "अहो, तुम्हालाच मोजायला पाहिजे आता!" तर त्याही हसल्या. पुढे तीन ओळी गणितात कायमच्या गेल्या. अहवालावर साहेबांचं नाव आधी आलं आणि कुंदाताईंचं आभाराच्या पानावर. मी चिडले, तर म्हणाल्या, "अगं, ओळी चालतायत ना?"

पण हे सगळं नंतरचं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी त्या माझ्याकडे आल्या. घरात कुणी नव्हतं. मी चहा टाकला आणि विचारलं, "कसा होता हो बर्फ?"

"सकाळी शहाऐंशी. दुपारी एक्याऐंशी. आठवड्याने सदुसष्ट. देवदारांखाली आणखी कमी, पानं पडतात ना. वाटेकडेला, जिथे ट्रकचा धूर बसतो तिथे चव्वेचाळीस. म्हणजे माझ्या ओळी जवळजवळ..."

त्या मधेच थांबल्या. समोरचा रिकामा कप उचलला, पुन्हा ठेवला.

"पहिल्या दिवशी खिंडीत पोचलो ना, वैजू. बाकीचे सामान उतरवत होते. मी जरा पुढे गेले. वळण घेतलं आणि एकदम समोर सगळं... मी यंत्र काढलंच नाही. विसरले. माणूस असं काही बघतो तेव्हा काय करतो? मागे वळतो आणि म्हणतो, अगं बघ. आपोआप होतं ते. मी वळले."

"मग?"

"मागे खेचर होतं. सामानाचं." त्या हसल्या, पण नीट हसता आलं नाही. "त्याला म्हटलं, बघ. आणि काय करणार? आई जाऊन अकरा वर्षं झाली. तंबूत रोज सगळे घरी पत्रं लिहायचे. मी कार्ड घेऊन बसायचे. तुला लिहायला घेतलं, तर मला फक्त आकडाच लिहिता आला. मला दुसरं लिहायची सवयच नाही गं."

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद केला. माझ्यावर कधी त्यांचं सांत्वन करायची वेळच आली नव्हती. मी स्टूल ओढून त्यांच्या अगदी जवळ बसले आणि म्हटलं, "आता सांगा. वळण घेतलंत. पुढे काय?"

मग त्या उठून उभ्या राहिल्या, दोन्ही हात लांब पसरले.

"अगं बघ," असं म्हणून त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलं.

मी वळून बघितलं.